भट्टी कधी विझवायची?

स्वतःचा धंदा करणाऱ्याला मनाची शांतता मिळते का, असं विचारलं की आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक, धंदा म्हटला की जिवाला घोर आलाच, शांतता हवी असेल तर नोकरी धरावी. दुसरं, मन घट्ट करावं, पहाटे उठून ध्यानाला बसावं, मग बाजारात काय वाटेल ते होवो. कलकत्त्याच्या बहूबाजारात किंवा बडाबाजारच्या सोनापट्टीत गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं, दुकान चालवणाऱ्या आम्हा मराठी माणसांच्या अनुभवात ही दोन्ही उत्तरं टिकत नाहीत. नोकरीतली शांतता पहिल्या कपातीच्या बातमीबरोबर उडते हे आता सगळ्यांनी पाहिलंय. आणि पहाटेच्या ध्यानाने मिळवलेलं सकाळी अकराला भाव फुटला की सव्वाअकरापर्यंतही पुरत नाही. माझ्या मते धंदेवाल्याची तगमग कामाच्या ओझ्यातून थोडी आणि न मिटलेल्या हिशोबातून फार येते. आपलं किती, दुसऱ्याचं किती आणि कुणाच्याच हातात नाही असं किती, या तिन्हींमधल्या रेघा ज्याने आधीच आखून ठेवल्या, त्याला रात्री झोप लागते, मग गल्ला लहान असो की मोठा. या रेघा मनात आखून भागत नाही. त्या वहीत, घड्याळात आणि दुकानाच्या मांडणीत आखाव्या लागतात.

हे म्हणणं गलाईच्याच धंद्यावरून का मांडावं, ते आधी सांगतो. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या पट्ट्यात पाऊस कायमचा रुसलेला. टेंभू सिंचन योजनेचं पाणी तिकडे अलीकडे पोचलं. त्याच्या कितीतरी आधी इथल्या पोरांनी घर सोडलं आणि सोनं-चांदी गाळायचं काम शिकून देशभरच्या सराफ्यात बस्तान बसवलं. दिल्ली, अमृतसर, कोइमतूर, कलकत्ता, कुठल्याही सोनारगल्लीत विटा-खानापूरच्या बाजूची बोली कानावर पडते. कलकत्त्यात आमच्या समोर बसतो तो बंगाली कारागीर, बहुधा मेदिनीपूरकडच्या दासपूर-घाटालचा. त्याचेच भाऊबंद मुंबईच्या झवेरी बाजारात पोट भरतात. तो जुनी बांगडी किंवा कामातला चुरा घेऊन येतो. त्याच्या डोळ्यांदेखत वजन होतं, मूस भट्टीत जाते, टाकणखार पडतो, मळ वर येतो, रस साच्यात ओततात. थंड झालेल्या लगडीचा कोपरा कापून टंच, म्हणजे शुद्धता, काढतात. शुद्ध करायचं तर त्यात इतकी चांदी मिसळतात की सोनं चौथा हिस्सा उरावं, मग ते नायट्रिक ॲसिडमध्ये उकळतात. चांदी-तांबं विरघळून जातं आणि तळाशी मातकट भुकटी राहते. तीच पुन्हा मुशीत घातली की पिवळीधमक होते. या सगळ्या खटाटोपात आमचं असतं ते फक्त मजुरीएवढं. मुशीतलं जवळजवळ सगळं सोनं दुसऱ्याचं, आणि त्याचा भाव ठरतो लंडन-मुंबईत. दिवसभर लाखांचा ऐवज हातातून जातो आणि त्यातला चिमूटभर आपला असतो. शांततेच्या प्रश्नाची परीक्षा घ्यायला याहून अवघड जागा शोधून सापडणार नाही.

हा प्रश्न मूठभरांचा नाही. सरकारच्या 2023-24 च्या श्रमबल सर्वेक्षणात देशातले 58.4 टक्के कामकरी 'स्वयंरोजगारी' ठरले. नोकरदारांच्या ताणावर रकानेच्या रकाने भरतात, पण संख्येने मोठा हा दुसरा गट आहे. अर्थशास्त्रज्ञांनी या गटाबद्दल एक कोडं मांडलंय. बार्टन हॅमिल्टन यांनी 2000 साली अमेरिकेतल्या आकड्यांवरून दाखवलं की स्वतःचा धंदा करणाऱ्या बहुतेकांची कमाई त्यांना नोकरीत मिळाली असती त्याहून कमी असते, तरी ते धंदा सोडत नाहीत. माथियास बेंझ आणि ब्रूनो फ्राय यांनी युरोपातल्या पाहण्यांवरून त्याचं कारण शोधलं. डोक्यावर साहेब नसणं, काम कसं करायचं ते आपण ठरवणं, याचंच माणसाला समाधान असतं. हे खरं आहे, पण अर्धं. ज्या साहेबाचा जाच नाही, तो साहेब संध्याकाळी 'आता घरी जा' असंही म्हणत नाही. नोकरदाराचं काम सहाला संपतं, कारण दुसऱ्या कुणीतरी ते तिथे संपवलेलं असतं. आपलं काम कुठे संपतं हे आपल्याला कुणी सांगत नाही. स्वातंत्र्याचं सुख आणि तगमग एकाच जागेतून येतात. शिवाय आपल्याकडच्या त्या 58 टक्क्यांत हौसेने धंद्यात आलेले किती आणि दुसरं काही मिळालं नाही म्हणून आलेले किती, याचाही विचार करायला हवा. आम्ही गलाईवाले दुष्काळाने धंद्यात आलो, 'स्वतःचा बॉस' होण्याच्या हौसेने नाही. म्हणून युरोपातलं समाधान आयतं इथे चालत नाही, ते घडवावं लागतं.

पहिली रेघ दुसऱ्याच्या ऐवजाची. गलाईच्या धंद्यात एक जुनी शिस्त आहे: आलेला माल शक्यतो त्याच दिवशी चुकता करायचा. टंच समोर काढायचा, घट किती गेली ते बोलून दाखवायचं, आणि संध्याकाळी शटर ओढताना वहीवर कुणाचं किती देणं आहे ते एका नजरेत दिसलं पाहिजे. बाहेरच्याला ही सचोटी वाटते, आणि ती आहेही. पण धंदा करणाऱ्याला कळतं की हिचा पहिला लाभ त्यालाच होतो. दुसऱ्याचं सोनं आपल्या तिजोरीत एक रात्र जास्त राहिलं तर ते फिरवायचा मोह होतो, फिरवलं की ते भरून काढायची धास्ती लागते, आणि धास्तीत माणूस चुकीचा सौदा करतो. आमच्या सराफ्यात बुडालेल्या पेढ्यांच्या कथा बहुधा अशाच सुरू होतात. बंगालने हीच गोष्ट वर्षाच्या पातळीवर बसवली आहे. एप्रिलच्या मध्यावर पोयला बैशाख येतो, त्या दिवशी दुकानदार लाल बांधणीची नवी वही पुजतात, गिऱ्हाइकाला मिठाईचा पुडा आणि कॅलेंडर देतात, आणि गिऱ्हाईक जुनी बाकी फेडून किंवा निदान काही रक्कम टेकवून जातं. हा हालखाता म्हणजे आपल्या पाडव्याच्या वहीपूजनाचा सख्खा भाऊ. वसुलीसाठी कायदाही आहे. लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्यायचं बंधन 2006 पासून आहे आणि 2023 च्या वित्त कायद्याने त्याला प्राप्तिकराचा चिमटाही जोडला. पण रोजच्या गिऱ्हाइकावर कायदा घेऊन कोण जातो? मागायची लाज आणि द्यायचा संकोच दोन्ही एकाच दिवशी मिठाईबरोबर संपवणारी रीत छोट्या दुकानदाराला जास्त उपयोगी पडते. ही रीत आता पातळ होत चालली असेल, तर आपल्या धंद्यापुरता तसा एक दिवस ज्याने त्याने ठरवून घ्यावा.

दुसरी रेघ भावाची. सोन्याच्या धंद्यात आभाळ कधी फाटेल याचा नेम नाही. जानेवारी 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं, 14 कॅरटच्या वरचे दागिने घडवायला बंदी झाली आणि देशभरातले सोनार रातोरात बेकार झाले. त्यापाठोपाठचा 1968 चा कायदा रद्द व्हायला 1990 उजाडलं. 2016 मध्ये दागिन्यांवरच्या अबकारी कराविरुद्ध मार्चपासून सराफे बंद राहिले आणि त्याच वर्षी 8 नोव्हेंबरला नोटाबंदी आली. 23 जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात आयातशुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आणलं आणि भाषण संपायच्या आत सोन्याचा भाव घसरू लागला. वर्ष पुरं व्हायच्या आत, एप्रिल 2025 मध्ये, तोच भाव दहा ग्रॅमला लाखाला टेकला. यातली एकही गोष्ट बहूबाजारातल्या कुठल्याही माणसाच्या हातात नव्हती. ज्याने अर्थसंकल्पाच्या त्या मंगळवारी सकाळी जुनं सोनं विकत घेऊन, उद्या चार पैसे जास्त मिळतील म्हणून ठेवून दिलं, त्याची झोप गेली. ज्याने घेतल्याबरोबर तेवढंच शुद्ध सोनं त्याच भावाने देऊन सौदा मिटवला, त्याला मजुरी मिळाली आणि अर्थसंकल्प त्याच्यासाठी फक्त बातमी राहिली. यावर लगेच कुणी म्हणेल की ज्याने ठेवलं तो वर्षभरात मालामाल झाला, त्याचं काय? झाला, हे नाकारायचं कारण नाही. पण तो गलाईवाला म्हणून मालामाल झाला नाही, भावावर पैसा लावून झाला. तो वेगळा धंदा आहे. करायचा तर वेगळ्या वहीत, आणि बुडाला तरी चूल बंद पडणार नाही एवढ्याच पैशाने करावा. दोन धंदे एका गल्ल्यात घातले की कुठल्या धंद्याने कमावलं आणि कुठल्याने खाल्लं हेच कळेनासं होतं, आणि न कळण्यातूनच घोर सुरू होतो.

भावासारखंच दुसरं अस्मानी म्हणजे जागा. 31 ऑगस्ट 2019 रोजी बहूबाजारखाली मेट्रोचा बोगदा खोदणारं यंत्र भूजलाच्या थराला लागलं आणि दुर्गा पितुरी लेन, सेकरा पाडा लेन इथली जुनी घरं खचली, काही कोसळली. त्या घरांत सोनारकामाचे कारखाने होते. माणसं अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर पडली, हत्यारं आणि माल आत राहिला. मे 2022 मध्ये त्याच गल्लीत पुन्हा भिंतींना तडे गेले. इथे कुणी म्हणेल की मग तुमच्या रेघा काय कामाच्या? भुईच सरकली तर वही कुठे ठेवणार? याचं उत्तर असं की, हातात नसलेल्या गोष्टीबद्दल काळजी करून उपयोग नाही, पण तिच्यासाठी मांडणी करून ठेवता येते. भाडेपावती आणि कराची कागदपत्रं यांची एक प्रत दुसऱ्या पत्त्यावर, रात्रीचा ऐवज एका छताखाली नाही, विमा थकलेला नाही, आणि दोन महिने दुकान बंद राहिलं तरी घरभाडं निघेल एवढी रक्कम हात न लावता बाजूला. एवढं केलं म्हणून संकट टळत नाही. पण जे करता येण्याजोगं होतं ते झालंय, हे ठाऊक असलेला माणूस बाकीचं दैवावर सोडू शकतो. ज्याने काहीच केलं नाही, त्याला दैवावर सोडणंही जमत नाही.

तिसरी रेघ आपल्या स्वतःच्या वेळेची, आणि तिच्या बाबतीत कलकत्ता आमचा गुरू आहे. या शहराला आळशी म्हणायची बाहेरच्यांना खोड आहे. दुपारी गल्लीबोळातली दुकानं शटर अर्धं ओढून जेवून पडतात, दुर्गापूजेच्या दिवसांत सगळं शहर मंडपांत जातं, आणि सप्टेंबरच्या 17 तारखेच्या आसपास विश्वकर्मा पूजेला कारागीर हत्याराला हात लावत नाही, गच्चीवर पतंग उडवतो. बडाबाजारसारख्या पैशाच्या मोहोळातसुद्धा रविवारी शटर खाली असतं. पश्चिम बंगालच्या 1963 च्या दुकान कायद्याने आठवड्याला दीड दिवसाच्या सुट्टीची सोय केली, पण ती टिकली कायद्यापेक्षा लोकांच्या सवयीमुळे. यात एक गोम आहे. सगळे एकदम बंद ठेवतात तेव्हा गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे जाईल ही भीती उरत नाही. एकट्याने रविवार पाळायला धैर्य लागतं, सगळ्या गल्लीने पाळला की ती नुसती रीत होते. शांतता एकट्याच्या निर्धारावर सोडली की ती महाग पडते. म्हणून ज्या बाजारात अशी रीत नाही, तिथल्या व्यापारी संघटनेने सूट-सवलतींच्या निवेदनांइतकाच जोर सामाईक सुट्टीवर लावायला हरकत नाही. आता मोबाइलने शटरच्या आतही गिऱ्हाईक आणून बसवलंय, रात्री साडेदहाला 'आजचा रेट?' असा मेसेज येतो. दुकान बंद केल्यावर रेट न सांगणाऱ्याचं गिऱ्हाईक तुटतं, हा समज आहे. ज्याला खरोखर माल द्यायचा आहे तो सकाळी येतोच. रात्री विचारणारे बहुतेक जण विचारणारेच असतात.

आता मोठा आक्षेप. हे सगळं पोट भरलेल्याचं तत्त्वज्ञान आहे, हातावर पोट असलेल्याला कसली रेघ आणि कसली सुट्टी? आक्षेप निम्मा मान्य आहे. 2013 मध्ये तमिळनाडूच्या ऊसकरी शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तेच शेतकरी पीक हाती येण्याआधी, तंगीच्या दिवसांत, बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडले आणि पैसे हातात आल्यावर पुढे गेले. तंगी नुसता खिसा रिकामा करत नाही, विचार करायची ताकदही खाते. तेव्हा ज्याची ओढाताण चालू आहे त्याला 'मन शांत ठेव' असं सांगणं ही क्रूर चेष्टा आहे. पण त्यातून निघतं ते उलटंच: ज्याचं डोकं तंगीने भरलेलं आहे, त्याला रोज नव्याने निर्णय घ्यायला लावू नयेत. वही रोज मिटवायची, घरखर्चाची रक्कम ठरलेली घ्यायची, दुसऱ्याच्या मालाला हात लावायचा नाही, हे नियम एकदा घालून दिले की त्या त्या क्षणी मोहाशी झगडायला लागत नाही. श्रीमंताला नियम मोडणं परवडतं, चूक पचते. गरिबाची पहिलीच चूक त्याला सावकाराच्या दारात नेते. म्हणून रेघेची गरज खालच्यालाच जास्त.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो. रेघा आखून बसलेला माणूस वाढत नाही. बडाबाजारातली मोठी घराणी अंथरूण पाहून पाय पसरत बसली असती तर आज एवढी मोठी झाली असती का? नसती. वाढीला जोखीम लागते हे खरंच. पण वाढलेल्या पेढ्यांकडे नीट पाहिलं तर दिसतं की त्यांची जोखीम मोजलेली असते, आणि मोजणी ठेवायची ताकद त्यांनी आधी कमावलेली असते. वाढीमुळे दुकानं बुडतात ती वाढ हिशोबाच्या पुढे पळाली म्हणून. आणि एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे, वाढणं ही सक्ती नाही. गावाकडे घर बांधलं, पोरं शिकली, म्हाताऱ्यांचं औषधपाणी झालं, आणि दुकान जसं आहे तसं दहा वर्षं चाललं, तर त्याला आपल्याकडे 'काही केलं नाही' म्हणतात. यात्रेला गावी गेल्यावर कुणाची गाडी किती मोठी याच्या चर्चा होतात, त्यातून निम्मी अशांती येते. धंद्याला किती लागतं याचा आकडा धंद्यातून यावा, यात्रेतल्या गाड्यांवरून नव्हे.

सर्वांत जड आक्षेप मात्र बाहेरून कुणी घेत नाही, आपणच घ्यायला हवा. मालकाची शांतता कुणाच्या जिवावर? आमच्या धंद्यात गावाकडून आलेली पोरं दुकानातच राहतात, शिकतात, पुढे स्वतःची भट्टी टाकतात. ही चांगली रीत आहे आणि तिच्यामुळेच हा धंदा देशभर पसरला. पण ॲसिड उकळताना उठणारा तपकिरी धूर आधी त्या पोरांच्या छातीत जातो. नायट्रोजनचा तो वायू विचित्र आहे, श्वासात गेल्यावर लगेच फार काही वाटत नाही, काही तासांनी फुप्फुसाला सूज येऊन जीव कासावीस होतो. अरुंद खोलीत, पंखा-धुराडं नसताना ही भट्टी चालत असेल आणि मालक वरच्या खोलीत निवांत असेल, तर त्याची ती शांतता नाही, त्याने फक्त आपला त्रास दुसऱ्याच्या वहीत लिहिलाय. तेच घरातल्या बाईचं. सरकारी पाहणी स्वयंरोजगारात बिनपगारी घरच्या मदतनिसांना धरते आणि त्यांत बायका मोठ्या संख्येने असतात. दुकानातल्या चार पोरांचा दोन वेळचा स्वयंपाक, गावाकडच्या पाहुण्यांची उठबस, हे धंद्याच्या कुठल्या खात्यावर पडतं? पडत नाही, म्हणूनच नफा एवढा दिसतो. दुसऱ्याचं किती हे ठरवताना नुसतं गिऱ्हाइकाचं सोनं मोजून भागत नाही, नोकराचा श्वास आणि बायकोचा दिवसही त्याच वहीत यायला हवा.

शेवटी एक गोष्ट आपल्याच परंपरेतली. तुकोबांच्या घरी दुकानदारी आणि सावकारी होती, 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात ती मोडली. परंपरा सांगते की त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, पण बुडवली ती आपल्या वाट्याची. भाऊ कान्होबा यांच्या हिश्श्याची खतं वेगळी काढून त्यांच्या हवाली केली. आपण यातला फक्त त्याग लक्षात ठेवतो आणि 'शांती हवी तर धंदा सोडावा' असा अर्थ काढतो. मला त्यातली वाटणी जास्त मोलाची वाटते. एवढ्या मोठ्या निश्चयाच्या वेळीही, जे आपलं नाही त्याला हात लावायचा नाही, ही दुकानदाराची शिस्त त्यांनी सोडली नाही. संसारी माणसाला खतं बुडवणं जमणार नाही, जमायची गरजही नाही. वाटणी मात्र रोज जमण्यासारखी आहे.

म्हणून खानापूर-आटपाडीहून आज कलकत्त्याला, किंवा आणखी कुठे, स्वतःची भट्टी टाकायला निघालेल्या तरुणांना एवढंच सांगणं आहे. जागा घ्याल तेव्हा एसीच्या आधी धूर ओढणारा पंखा बसवा. संध्याकाळी वही मिटल्याशिवाय शटर ओढू नका, आणि शटर ओढल्यावर रेट सांगू नका. आलेला माल त्याच भावाने मोकळा करा. घरखर्चाला महिन्याची रक्कम ठरवा आणि ती चेकने घ्या, गल्ल्यातून नको. रविवारी भट्टी विझवा. एवढं करून धंदा मोठा होईलच असं नाही, पण तो तुम्हाला खाणार नाही.